रिचार्जमीमांसा, अर्थात परक्या डेटावरची काटकसर

मोठ्या कंपनीचा भारी प्लॅन घ्यावा की स्वस्तातलं कार्ड घालून गप्प बसावं, या प्रश्नाचा पद्धतशीर विचार मराठीत अद्याप झालेला नाही. जो काही झाला तो लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या दारात आणि सोसायटीच्या जिन्यात, आणि तिथे ज्याचा आवाज मोठा त्याच्या कंपनीला रेंज चांगली असं ठरलं. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत प्रबंध लिहीत आहोत. सिद्धान्त आरंभीच सांगतो, म्हणजे घाईतल्या वाचकाला पुढचं वाचायला नको: स्वस्त प्लॅन हा एकट्यादुकट्याने करायचा उद्योग नव्हे. प्रत्येक काटकसरी माणसामागे एक उधळ्या माणूस लागतो, आणि तो शक्यतो शेजारच्याच खोलीत लागतो.

आधी कालगणना उरकू. आपला चांद्रमास साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. चंद्राला त्याच नक्षत्रात परत यायला सव्वासत्तावीस दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो. इंग्रजी महिना तीस-एकतीसचा. मोबाईल कंपन्यांचा महिना यांपैकी कशातच बसत नाही. तो 28 दिवसांचा. अभिजित धरला तर नक्षत्रं 28 भरतात, एवढाच शास्त्राधार आम्हाला सापडला, आणि तो कंपन्यांनी पाहिला असेल असं वाटत नाही. 28 गुणिले 13 म्हणजे 364. याचा अर्थ असा की पंचांगातला अधिकमास बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एकदा येत असला, तरी रिचार्जातला दरवर्षी येतो. पंचांगातल्या धोंड्याच्या महिन्यात अनारसे जावई नेतो, रिचार्जातल्या धोंड्यात कंपनी.

यावर काही चतुर मंडळी म्हणतात की आम्ही 84 दिवसांचा प्लॅन घेतो, आम्हाला धोंडा लागत नाही. त्यांनी कागदपेन्सिल घ्यावी. 84 चोक 336. वर्ष संपायला 29 दिवस उरतात. 56 दिवसांचा सहा वेळा घेतला तरी 336, आणि पुन्हा तेच 29. कुठल्याही वाटेने गेलं तरी शेवटी ते एकोणतीस दिवस दारात उभेच. दूरसंचार नियामक, म्हणजे ट्राय, यांनाही हे दिसलं असावं. जानेवारी 2022 मध्ये त्यांनी आदेश काढला की प्रत्येक कंपनीने किमान एक प्लॅन 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा करता येईल असा ठेवावा. कंपन्यांनी तो ठेवला. वाण्याच्या दुकानात सर्वांत वरच्या फळीवर जे ठेवतात, तसा. 28 दिवस कायम आहेत.

आता मूळ विषय. काटकसरीच्या या पंथाचा उगम शोधायचा तर 31 जुलै 1995 पर्यंत मागे जावं लागतं. त्या दिवशी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल फोन केला. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास पडत, आणि गंमत म्हणजे आलेला फोन उचलणाऱ्यालाही पैसे मोजावे लागत. अशा व्यवस्थेत फोन करणारा आणि घेणारा दोघेही सारखेच बुडत असल्याने काटकसरीला दुसऱ्याचा आधार नव्हता. 1 मे 2003 पासून इनकमिंग फुकट झालं. पैसे फक्त करणाऱ्याचे जाऊ लागले, आणि त्याच क्षणी भारतीय प्रतिभेला मिस्ड कॉलचा शोध लागला. कॉलेजच्या फाटकापाशी पोचलो, एक रिंग. स्टेशनात गाडी आली, दोन रिंगा. घरून निघालो, तीन. भाजी आणायची आहे का, हा प्रश्न विचारून त्याचं उत्तरसुद्धा एक पैसा न खर्चता मिळवणारी घरं आम्ही पाहिली आहेत. (नकार म्हणजे फोन कापणं, होकार म्हणजे तो वाजू देणं.) मिस्ड कॉलचा पाया एकच: माझी बचत, तुझा खर्च. आजचा हॉटस्पॉट याच घराण्यातला.

हे गरिबाघरचं तंत्र, असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी 2019 सालची एक घटना नोंदवून ठेवतो. त्या काळी नियम असा होता की ज्या कंपनीच्या ग्राहकाने फोन केला, तिने फोन घेणाऱ्याच्या कंपनीला मिनिटाला सहा पैसे द्यायचे. त्या वर्षी जिओने आपल्या ग्राहकाने लावलेला फोन किती सेकंद वाजावा ही मुदत कमी केली. एअरटेलने तक्रार केली की हे मुद्दाम चाललं आहे: फोन लवकर तुटला की समोरचा माणूस उलट फोन करतो, आणि मग सहा पैसे आम्हाला द्यावे लागतात. तक्रार करून झाल्यावर एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांनीही आपापली रिंग 25 सेकंदांवर आणली. अखेर 1 नोव्हेंबर 2019 रोजी ट्रायला ठरवून द्यावं लागलं की मोबाईल 30 सेकंद आणि घरचा फोन 60 सेकंद वाजलाच पाहिजे. आरोप खरा होता की नाही यात आम्ही पडत नाही. पण हजारो कोटींच्या कंपन्यांनी एकमेकींवर मिस्ड कॉल मारल्याचा संशय घ्यावा, यापेक्षा या विद्येचा मोठा सन्मान कोणता? फाटकापाशी एक रिंग देणारा पोरगा आणि त्या कंपन्या यांच्यात फरक फक्त सेकंदांचा आणि शून्यांचा.

पंथातला दुसरा संप्रदाय आजीवनवाल्यांचा. 2005 च्या अखेरीस 999 रुपयांत आजीवन इनकमिंगच्या योजना निघाल्या, आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी त्या घेतल्या. आयुष्यभराची सोय हजाराच्या आत, यापेक्षा चांगला सौदा त्यांनी कधी केला नव्हता. मात्र आयुष्य कोणाचं, हे त्यांनी विचारलं नाही. ट्रायने पुढे खुलासा करून सांगितलं की ते आयुष्य कंपनीच्या परवान्याचं. ग्राहकाच्या प्रकृतीशी त्याचा संबंध नाही. पुढे कंपन्याच आधी गेल्या. मुंबईत बीपीएलचं लूप झालं आणि लूपही बंद पडलं; एअरसेल 2018 मध्ये दिवाळखोरीत निघाली; आजोबा मात्र सकाळी सात वाजता फिरायला जातच होते. त्याच 2018 च्या अखेरीस उरलेल्या बड्या कंपन्यांनी 28 दिवसांचा 35 रुपयांचा किमान रिचार्ज आणला आणि फक्त इनकमिंगवर जगणाऱ्या या निरुपद्रवी जमातीला दर महिन्याला दक्षिणा लावली. जुलै 2024 च्या दरवाढीनंतर हवं तेवढं बोलू देणारा 28 दिवसांचा सर्वांत स्वस्त प्लॅन जिओत 189 आणि एअरटेलमध्ये 199 रुपयांवर गेला. आजीवनवाले त्या महिन्यात बीएसएनएलच्या कार्यालयात रांगेत दिसले. त्यांच्या पुढेमागे त्यांची नातवंडंही होती, हे विशेष.

पूर्वपक्ष इथे विचारील की बीएसएनएल स्वस्त असेल, पण वेग? शंका रास्त आहे. खासगी कंपन्यांनी 2022 मध्ये 5जी सुरू केलं. बीएसएनएलचं देशी बनावटीचं 4जी समारंभपूर्वक देशाला अर्पण झालं ते सप्टेंबर 2025 मध्ये. मधल्या काळात बीएसएनएलधारक कसे जगले? उत्तर सोपं आहे. ते तुमच्याकडे आले. दारात चपला काढता काढता त्यांनी वाय-फायचा पासवर्ड विचारला, चहा दुसऱ्या क्रमांकावर होता. त्यांची बचत महिन्याला दीडशे रुपये असेल तर त्यातले शंभर तरी तुमच्या राउटरने दिले, हा आमचा अंदाज आहे आणि त्याला पुरावा मागू नये.

पण शास्त्रकाराने पक्षपात करता कामा नये. गणपतीत चाकरमानी मुंबईहून कोकणात उतरतो तेव्हा हे नातं उलटं होतं. मुंबई हे दूरसंचाराच्या नकाशावर वेगळं सर्कल. बाकीचा महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. मुंबईतला सरकारी फोन वर्षानुवर्षं एमटीएनएलचा, गावचा बीएसएनएलचा, त्यामुळे मुंबईकराला बीएसएनएलची ओळख नाही आणि गरजही वाटत नाही. खिशात 349 रुपयांचा, रोज दोन जीबीचा, अमर्याद 5जीचा प्लॅन घेऊन तो वाडीत पोचतो आणि फोनच्या कोपऱ्यातल्या कांड्या एकेक करून मावळतात. डोंगराआडच्या कितीतरी वाड्यांत टॉवर एकच, आणि तो सरकारी. मग हाच 5जीवाला मागच्या पडवीत काकांपाशी उभा राहतो. काका आपला जुना फोन खिशातून काढतात, चष्मा शोधतात, हॉटस्पॉट कुठून चालू होतो हे त्यालाच विचारतात आणि वर सांगतात की व्हिडिओ बघू नको, आरतीचे फोटो पाठवायचे तेवढे पाठव. दीडशे रुपयांचा सूड इतक्या सौम्यपणे उगवलेला आम्ही अन्यत्र पाहिलेला नाही.

हा केवळ आपल्याकडचा प्रकार आहे असं कोणी समजू नये. अमेरिकेत व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाईल अशी तीन मोठी घराणी आहेत आणि प्रत्येकाने स्वस्तातलं एकेक घर वेगळं थाटून ठेवलंय: अनुक्रमे व्हिजिबल, क्रिकेट आणि मेट्रो. टॉवर तेच असतात. फरक गर्दीत कळतो. स्टेडियम भरलं, विमानतळ तुंबला, की स्वस्त प्लॅनवाल्याचा डेटा सहसा रांगेत मागे ढकलला जातो. मोठ्या प्लॅनवाल्यांना बंधुभाव परवडत नाही, हे तिथे करारातच लिहिलेलं असतं. न्यू जर्सीतल्या मराठी पोरांनी यावर तोड काढली ती फॅमिली प्लॅनची. लाइनी वाढतील तसा माणशी खर्च उतरतो, म्हणून एक नगरचा, एक नागपूरचा, त्याचा तेलुगू रूममेट आणि रूममेटच्या ऑफिसातला कोणी असे चौघे मिळून कुटुंब होतात. यांतल्या कोणाचं लग्न झालं की कुटुंब मोडतं. परक्या डेटावरच्या काटकसरीचं इतकं शुद्ध रूप आमच्या पाहण्यात नाही.

कंपनी बदलायची असल्यास सविस्तर विवेचनाची गरज नाही. जानेवारी 2011 पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. 1900 वर पोर्टचा संदेश धाडावा लागतो. आमच्या मते हा संदेश कंपनी सोडण्यासाठी कमी आणि भाव पाडण्यासाठी जास्त उपयोगी. वर्षानुवर्षं ज्या माणसाचं कोणी ऐकलं नाही, त्याला संध्याकाळी गोड आवाजात फोन येतो आणि विचारलं जातं, सर, आमचं काही चुकलं का? काही लोक निव्वळ या प्रश्नासाठी पोर्ट करतात. आम्ही त्यांना दोष देत नाही.

राहता राहिला उपयोजनाचा भाग. चौघांच्या घरात एक प्लॅन मोठा, तीन बारके, हे गणित बहुतेकांना आपोआप सुचतं. चूक होते ती मोठा कोणाच्या नावावर घ्यायचा इथे. तो मिळवत्या माणसाला देतात. मिळवता माणूस सकाळी साडेनऊला टॉवर खिशात घालून ऑफिसला जातो, जिथे कंपनीचं वाय-फाय फुकट आहे, आणि घरी तीन बारकी कार्डं दिवसभर खिडकीपाशी रेंज शोधत बसतात. तर्कदृष्ट्या मोठा प्लॅन त्या व्यक्तीकडे हवा जी घराबाहेर सर्वांत कमी जाते. ती म्हणजे आजी. आम्ही ही योजना ओळखीच्या एका घरात सुचवली आणि ती अमलातही आली. दोन जीबी रोजचे, वर अमर्याद 5जी, सगळं आजींच्या फोनवर. त्यातला आजींचा स्वतःचा वापर हरिपाठाचा एक व्हिडिओ आणि बहिणीला एक फोन. घरातल्या सर्वांचं वागणं आठवड्याभरात सुधारलं. नातू हाक मारल्याबरोबर येऊ लागला, सून चहा आधी त्यांना देऊ लागली, आणि मुलाने त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. अडचण फक्त एकादशीची. त्या दिवशी आजी दुपारीच देवळात निघाल्या, फोन पिशवीत, आणि नातू जिन्यापर्यंत मागे धावला: ‘आजी, अर्धा तास थांब ना, माझी ऑनलाइन परीक्षा चालू आहे.’ आजी म्हणाल्या, मग चल देवळात.