गोठ्यातले दाजी

सुट्टीला जायचं म्हणजे चार दिवस घर सोडायचं, ही साधी गोष्ट आमच्या दाजींना मान्य नाही. घर बरोबर घ्यायचं आणि तिथं जाऊन नीट मांडायचं, याला ते सुट्टी म्हणतात.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. मूळचे वाईचे, आता कित्येक वर्षं लेस्टरात. पाणीपुरवठ्याच्या कामात इंजिनिअर. मे महिन्याच्या शेवटी बँक हॉलिडेला जोडून आम्ही तीन घरं मिळून लेक डिस्ट्रिक्टला जातो. या मंडळींत हॉटेलात उतरायचा विषय कुणी चुकून काढला, की दाजी चष्मा काढून पुसायला घेतात. "हॉटेलात साडेनऊला नाश्ता उचलतात. माणूस दहाला उठला तर त्यानं काय खायचं?" दाजी स्वतः पाचला उठतात, आणि साडेपाचला इतरांनाही उठवतात. पण तत्त्व म्हणून हा दहाला उठणारा माणूस त्यांनी जपून ठेवलेला आहे.

तेव्हा सेल्फ-केटरिंग. जागा शोधण्याचं काम जानेवारीत सुरू होतं. तळं चालत जाण्याच्या अंतरावर, तीन बाथरूम आणि स्वयंपाकाला मोठा ओटा, एवढं जमलं की दाजी मालकिणीला ईमेल लिहितात. सर्वांत मोठं पातेलं किती लिटरचं? घराला पाणी झऱ्याचं की नळाचं? सेप्टिक टँक शेवटचा कधी उपसला? या शेवटच्या प्रश्नाला एका बाईंनी दोन परिच्छेदांचं मनापासून उत्तर दिलं, आणि जागा तिथंच ठरली. उल्सवॉटरच्या वर डोंगरउतारावरचा दगडी बार्न. त्या भागातले जुने बार्न असे उताराचा फायदा घेऊनच बांधलेले असतात: खालच्या अंगाला जनावरं, वर गवत आणि मळणीची जागा, आणि गाडी चढावाच्या बाजूनं थेट वरच्या मजल्यात शिरणार. आता गायींच्या जागी झोपायच्या खोल्या झाल्यात, गवताच्या जागी स्वयंपाकघर. हातभर जाडीच्या भिंतींतल्या हवेच्या फटींना काचा बसवल्यात. दाजींनी हे सगळं व्हिडिओ कॉलवर आपल्या आईला फिरून फिरून दाखवलं. खाली गुरं कुठं बांधायचे, तेही दाखवलं. म्हातारीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढं शिकून गोठ्यातच निजायचं होतं, तर आपला काय वाईट होता रे?"

सामानाची यादी दाजींकडं कायमची तयार आहे. ती दर वर्षी वाढते, कमी कधीच होत नाही. मिसळणाचा डबा, कांदा-लसूण मसाल्याची बरणी, पोळपाट, दोन लाटणी, किसणी, खलबत्ता, मिक्सर, गाळणं, आल्याचा वेगळा डबा, दह्याला विरजण. एका वर्षी ताईनं खलबत्ता गुपचूप काढून ठेवला. दाजींनी गाडीची मागची बाजू हातानं दाबून पाहिली आणि म्हणाले, "काहीतरी राहिलंय." खलबत्ता परत आत गेला, भाच्याचे डोंगर चढायचे बूट बाहेर आले. कशावरही कुणी हरकत घेतली की उत्तर ठरलेलं: "असू द्या, लागतंय."

एम-सिक्सवर टेबेला थांबा असतो. हे तिकडचं नावाजलेलं विश्रांतिस्थान, शेतकरी कुटुंबानं 1972 साली सुरू केलेलं. आत पाई, चीज, केक असा थाट, मागे बदकांचं तळं. लोक खास वाट वाकडी करून तिथं जेवायला येतात. आम्ही बदकांकडं तोंड करून बाकावर बसतो आणि घरच्या दशम्या खातो. आतल्या काउंटरकडं जाणाऱ्या पोरांना दाजी अडवत नाहीत, फक्त विचारतात, "किती घेतले त्याचे?" आकडा ऐकून दशमीचा एक घास जास्त घेतात.

चावी दुपारी चारला मिळते. आम्ही पावणेतीनला पोचलेलो असतो आणि रस्त्याकडेच्या जागेत गाडीतच बसलेलो असतो, कारण ज्या ट्रॅफिकच्या धास्तीनं लवकर निघालो, ते ट्रॅफिक लागलेलंच नसतं. चारच्या ठोक्याला दार उघडतं. बाकीचे खिडकीशी धावतात, कारण खिडकीत तळं असतं. दाजी ओट्याशी जातात आणि खण उघडायला लागतात. अशा घरांत काय असतं हे त्यांना पाठ आहे, तरी दर वेळी त्यांना नव्यानं धक्का बसतो. वाइनचे ग्लास डझनभर. अंडी उकडून ठेवायच्या कपांचा संच. बर्फ उचलायचा चिमटा. आणि सुऱ्या अशा, की टोमॅटो कापायला घेतला तर त्याचा रस होतो. दाजी पहिल्या संध्याकाळी सगळ्या सुऱ्या कपाच्या बुडावर घासून धार लावून ठेवतात. त्या घरात पुढं वर्षभर कोण कोण बोट कापून घेत असेल, देव जाणे.

पहिल्या वर्षी मोठा घोटाळा झाला तो कुकरचा. शेगडी निघाली इंडक्शनची, आणि दाजींचा पाच लिटरचा कुकर ॲल्युमिनियमचा. त्या काचेनं कुकरची दखलच घेतली नाही. दाजींनी तो चारही चुलींवर ठेवून पाहिला, पुसून ठेवून पाहिला, तांदूळ काढून रिकामा ठेवून पाहिला. शेवटी पातेल्यात भात झाला आणि तो उत्तम झाला होता, पण दाजी जेवताना बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही तळ्याच्या टोकाला पूली ब्रिजला गेलो. तिथला जुना दगडी पूल 2015 च्या डिसेंबरच्या पुरात वाहून गेला आणि 2020 साली त्या जागी नवा बांधला, सबंध ब्रिटनमधला स्टेनलेस स्टीलचा पहिला रस्त्याचा पूल. दाजी कठड्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बघा. पूलसुद्धा स्टीलचा करतात." पुढच्या वर्षापासून जाड बुडाचा स्टीलचा कुकर आला. ॲल्युमिनियमचाही येतोच. गॅस असला तर? असू द्या, लागतंय.

आता फोडणीचं सांगते. या घरांत धुराचे भोंगे असतात, आणि ते एकमेकांना जोडलेले असतात. मोहरी वर तडतडली की खाली गायींच्या जागी झोपलेली माणसं किंचाळत उठतात. दाजींनी यावर जी व्यवस्था लावली ती अशी: भाचा स्टुलावर उभा, हातात टॉवेल, वर भोंगा. एक जण खिडकीपाशी, एक जण दारापाशी. दाजी तेलात मोहरी टाकण्याआधी हात वर करून खणखणीत आवाजात "फोडणी!" म्हणतात. दारं-खिडक्या धाडकन उघडतात, टॉवेल गरगर फिरायला लागतो, बाहेरचा कंबरियाचा गारठा आत येतो आणि आतला हिंग कंबरियात जातो. पलीकडच्या कुंपणातल्या करड्या हर्डविक मेंढ्या माना वर करून बघतात. भोंगा वाजवू न देता आमटी झाली की दाजींच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते त्यांच्या मुलीच्या पदवीदानालाही मी पाहिलं नव्हतं.

या सगळ्यात तळं कधी बघायचं, असा प्रश्न ताईला दर वर्षी पडतो. तिला त्या काठावरच्या डॅफोडिल्सची फार हौस. वर्ड्सवर्थ आणि त्याची बहीण 1802 च्या एप्रिलात याच तळ्याच्या कडेनं चालले होते आणि त्या फुलांनी इंग्रजी कवितेत कायमची जागा मिळवली, हे तिला शाळेपासून माहीत. दाजी म्हणतात, "एप्रिलात. आपण आलो मे संपताना. फुलांचं नियोजन वेगळं असतंय." तिला घेऊन ते बोटीत मात्र आवर्जून बसतात. 'लेडी ऑफ द लेक' ही 1877 सालची बोट अजून चालते, हे कळल्यापासून. वाफेचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं, ते कधी, का, आणि पाणी कुठून येत होतं, हे ते बोटीवरच्या माणसाला विचारत राहतात. डोंगर दोन्ही बाजूंनी सरकत जातात आणि ते बघायचं काम ताई एकटी करते.

डोंगरांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नाही. इंग्लंडमधलं सर्वांत उंच शिखर स्केफेल पाइक, 978 मीटर. "आपला सिंहगड तेराशेच्या वर आहे." भाची म्हणते, "बाबा, पण पुणंच साडेपाचशेवर आहे." यावर दाजी फ्लास्कमधला चहा ओततात. गेल्या खेपेला तळ्याकाठचं हॅलिन फेल चढायचं ठरलं, उंची 388 मीटर. निम्म्यावर दाजी एका दगडावर बसले आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, मी सामान बघतो." सामान म्हणजे एक पिशवी, आणि तिच्यात चिवडा. आम्ही उतरलो तेव्हा दोन इंग्रज म्हातारे त्यांच्या शेजारी बसून चिवडा खात होते आणि दाजी त्यांना सिंहगडाची उंची सांगत होते.

पावसाबद्दल तर विचारूच नका. तिकडं चार थेंब पडले की लोक हवामानाबद्दल हळहळतात. दाजी पसरणी घाटाखाली वाढलेले. ते छत्रीही उघडत नाहीत. "याला पाऊस म्हणतात? महाबळेश्वरात आमची गुरं यापेक्षा जास्त भिजून यायची." मग संध्याकाळी शिंका सुरू होतात आणि खलबत्त्यात आलं ठेचण्याचा आवाज येतो. लागतंय, ते असं.

एकदा मात्र दाजींना मी गप्प झालेलं पाहिलं. शेजारच्याच खोऱ्यात हॉजवॉटर आहे. मँचेस्टरला पाणी द्यायचं म्हणून 1930 च्या दशकात तिथं धरण बांधलं आणि मार्डेल नावाचं गाव पाण्याखाली गेलं. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी हटलं की गावच्या कुंपणांच्या दगडी भिंती वर दिसतात. इंजिनिअर म्हणून धरण बघायला दाजी हौसेनं आले होते. फलक वाचता वाचता त्यांचा आवाज उतरला. गावातल्या चर्चमध्ये शेवटची प्रार्थना 1935 च्या ऑगस्टात झाली. त्याआधी तिथल्या दफनभूमीतले सांगाडे उकरून शॅप गावी नेऊन पुन्हा नीट पुरले होते. दाजींच्या आत्याचं गाव कोयनेत गेलेलं. ते पाण्याकडं बघत म्हणाले, "इथं मेलेल्यांचंसुद्धा पुनर्वसन झालं. आमची जिती माणसं अजून कागद घेऊन फिरतायत." कुणाला काय बोलावं सुचेना. मग त्यांनीच घड्याळ बघितलं. "चला. भात लावायचाय."

शेवटच्या रात्री हिशेब होतो. दाजी तो पैशापैशापर्यंत करतात. कुणी कुठं आइस्क्रीम खाल्लं, हेही त्यात असतं. कांदा-लसूण मसाला, वाईहून आलेलं गूळ-शेंगदाण्याचं सामान आणि लेस्टरपासूनचं डिझेल मात्र कधीच नसतं. आम्ही विचारलं तर ते कागदाची घडी घालतात.

सकाळी दहाला घर सोडायचं असतं. दाजी सहाला सगळ्या खिडक्या उघडतात आणि आम्हाला स्वेटर घालून बाहेर काढतात. ओव्हन घासला जातो, ओट्यावरचे हळदीचे डाग लिंबानं काढले जातात, पांघरुणं झटकली जातात. मालकीण म्हणालेली असते की एवढं करायची गरज नाही. दाजींना ते पटत नाही. "आपण गेल्यावर मागं मसाल्याचा वास राहिला, तर पुढच्या आपल्यातल्या माणसाला ही बाई जागा देताना विचार करील." एवढं एकच वाक्य ते विनोद न करता म्हणतात, आणि त्या सकाळी कुणी कुरकुरत नाही. सगळे जण दार-खिडक्यांत उभे राहून नाकानं श्वास घेत तपासतो.

मग पाहुण्यांची वही. लोक तिच्यात सूर्यास्त, पब आणि लाल खारींबद्दल लिहितात. दाजी लिहितात: मागची डावी शेगडी मंद आहे. खालच्या बाथरूमच्या नळाचा वॉशर बदलला. सुऱ्यांना धार आहे, जपून. दोन किलो कांदे खालच्या खणात ठेवलेत, चांगले आहेत. खाली सही आणि फोन नंबर, कुणाला काही अडचण आली तर.

मालकीण आता पुढच्या वर्षीचा आठवडा आम्हाला न विचारताच राखून ठेवते. यंदा एका घरानं ऐनवेळी नाही म्हटलंय, तेव्हा एक खोली रिकामी आहे, खालच्या मजल्यावर, गायींच्या बाजूची. यायचं असेल तर दाजींना लवकर कळवा. पोळपाट-लाटणं आणू नका, आहे. स्टुलावर टॉवेल फिरवायला एक माणूस मात्र हवाय. भाचा या वर्षी परीक्षेला बसलाय.