भाड्यात धरलेलं सुख

खासगी बोटीत बसणाऱ्याचं पहिलं कर्तव्य म्हणजे काहीही न करणं. इटलीतल्या अमाल्फीच्या किनाऱ्यावर भाड्याने मिळते ती गोत्झो मूळची कोळ्यांची लाकडी होडी, दोन्ही टोकांना निमुळती. पूर्वी तिच्यात जाळी पडलेली असत, आता पांढऱ्या गाद्या टाकून प्रवासी पडतात. पडायचं, ऊन खायचं आणि हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय असा चेहरा ठेवायचा.

आमचा पिंड ‘वीस मिनिटांत बसमध्ये परत या’वर पोसलेला. साडूभाऊंनी तर भाड्याला मिनिटांनी भागून दर काढला होता. कुणी जरा डोळे मिटले, की ते झोपेची किंमत रुपयांत जाहीर करत.

अमाल्फी हे एकेकाळचं बलाढ्य सागरी प्रजासत्ताक. 1343च्या वादळात गावाचा बराच भाग समुद्राने गिळला. उरलेल्या गावात बंदराजवळ होकायंत्राच्या कथित जनकाचा, फ्लावियो जोयाचा, पुतळा आहे. हा गृहस्थ बहुधा झालाच नाही, असं इतिहासकार म्हणतात. “मग पुतळ्याच्या खर्चाला मंजुरी कुणी दिली?” साडूभाऊंनी विचारलं. कप्तानाने नम्रपणे इंजिन सुरू केलं.

हा किनारा बोटीतून बघावा, हे मात्र खरं. रस्त्यावरून जाताना समोरची बस आपल्यावर येणार की आपण तिच्यावर जाणार, एवढंच दिसतं. समुद्रातून अख्खा डोंगर दिसतो: तळाशी पाणी, मग कडा, त्यावर चिकटलेली घरं आणि त्यांच्याही वर लिंबांच्या बागा. दगडी बांध घालून केलेल्या अरुंद पायऱ्या, त्यांवर चेस्टनटच्या खांबांचे मांडव, मांडवांवर काळी जाळी. लिंबं लांबुडकी, टोकदार आणि आकाराने आपल्या लिंबाला लाज वाटेल अशी. देवगडला कलमं असलेले साडूभाऊ इथे प्रथमच गादीवरून उठले.

“एवढ्या चढावर गडी कोण मिळतो?”

मोडक्या इंग्रजीचे दोन प्रवाह मिसळून प्रश्न पोचला. कप्तान हळहळला. पेट्या अजूनही खांद्यावरून उतरवाव्या लागतात, पोरं हॉटेलात कामाला जातात, बांध ढासळतात, बागा ओस पडतात. साडूभाऊंचा चेहरा उजळला. परदेशात घरचं दुःख भेटल्याचा आनंद वेगळाच असतो. पुढची बरीच महागडी मिनिटं मजुरीच्या दरावर खर्च झाली आणि त्यांचा हिशेब त्यांनी मांडला नाही.

या गप्पांत फुरोरे आलं. कड्याला वरून खाली चीर पडलेली, तिच्या तोंडावर तीसेक मीटर उंच पूल. गाव वर डोंगरात विखुरलेलं, खालून जवळजवळ दिसतच नाही. या पुलावरून समुद्रात उड्या मारायच्या स्पर्धा झाल्या आहेत, हे ऐकून बायकोने माझ्याकडे पाहिलं. का, ते मी विचारलं नाही.

पोझितानोसमोर मोठमोठ्या यॉट नांगरलेल्या. तोवर आम्ही रस्त्यावरच्या बसकडे कीव करत बघत होतो. आता यॉटवरचे लोक आमच्याकडे तसंच बघू लागले. त्यातलीच एक शेजारून गेली आणि तिच्या लाटेने आमची श्रीमंती डावी-उजवीकडे हेलकावू लागली. मेहुणीने पर्समधून आलेपाक काढून सगळ्यांना वाटला. कप्तानालाही दिला. त्याने तो शूरपणे गिळला.

शेवटी ली गाल्ली, समुद्रात तीन बेटं. गाण्याने खलाशांना भुलवून खडकावर आपटणाऱ्या सायरन इथल्याच, अशी दंतकथा. ग्रीक कथेतल्या ओडिसियसने खलाशांच्या कानांत मेण भरलं आणि स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं. म्हणजे कार्यक्रम एकट्याने फुकटात ऐकला. पुढे 1920च्या दशकात ही बेटं रशियन नर्तक लेओनिद मासीनने घेतली आणि त्याच्यानंतर रुडॉल्फ नुरेयेवने. दोन नामांकित नर्तकांना सपाट जागा सोडून हे खडक का सुचले असतील, कोण जाणे! आजही ती खासगीच आहेत, उतरता येत नाही.

“सातबारा कुणाच्या नावावर?” साडूभाऊ. “तीन बेटं म्हणजे तीन भावांत सरळ वाटणी. बांधाचं भांडणच नाही.”

“भांडायला समुद्र आहे ना मध्ये,” बायको म्हणाली. तिला आमची भाऊबंदकी ठाऊक आहे.

एवढ्यात कप्तानाने बर्फाच्या डब्यातून लिमोनचेल्लोची बाटली काढली. लिंबाच्या सालींची ही पिवळीजर्द, गोड, जहाल दारू. साडूभाऊ आजन्म निर्व्यसनी. त्यांनी हात जोडले. मग सवयीने विचारलं, “हे भाड्यात धरलंय का?”

कप्तान म्हणाला, हो.

“मग थोडी चालेल,” साडूभाऊ म्हणाले आणि बायकोच्या वाट्याचा पेलाही पुढे केला.