काखेत कळसा, पॅरिसला वळसा

किन्शासा ते ब्राझाव्हिल हवाई अंतर किती, असं इंटरनेटवरच्या एखाद्या अंतरमोजणीला विचारा. विमानतळ ते विमानतळ सुमारे 26 किलोमीटर, असं उत्तर क्षणात येतं. उड्डाणाचा वेळ? अर्धा तास आणि वर चिल्लर. ताशी 850 किलोमीटरने जाणाऱ्या जेटला 26 किलोमीटरसाठी दोन मिनिटंही लागत नाहीत, पण चढण्या-उतरण्याचा म्हणून या मोजण्या ठोक अर्धा तास लावून टाकतात. त्या मार्गावर आज विमान आहे की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. दोन ठिपके, एक रेघ, झालं काम.

दोन देशांच्या दोन राजधान्या, मधे फक्त काँगो नदी. पूल नाही. वेगवान होडी दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे सोडते. तिच्या आधी आणि नंतर मात्र पावती, शिक्का, व्हिसा आणि पुन्हा शिक्का. 2018 मध्ये पुलाचा करार झाला, तोही जोहान्सबर्गला जाऊन. जागा ठरली मालुकूची, किन्शासापासून नदीने सुमारे 65 किलोमीटर वर! म्हणजे समोरच्या दारी जायचं तर आधी गाव सोडायचं. तेही पूल कागदावरून उतरला तर.

एका काठावर बेल्जियम बसला होता, दुसऱ्यावर फ्रान्स. त्यामुळे एकीकडची विमानं ब्रुसेल्सकडे तोंड करून, दुसरीकडची पॅरिसकडे. साहेब गेला, वळण राहिलं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या प्रवाशाला जवळचा देश गाठायला आजही कधी पॅरिस, कधी इस्तंबूल, तर कधी आदिस अबाबाची प्रदक्षिणा घडते. आदिस निदान त्याच खंडात आहे, एवढाच दिलासा.

आकाश एकमेकांना मोकळं करू, असं आफ्रिकी देशांनी 1988 मध्ये यामुसुक्रोत जाहीर केलं. 1999 मध्ये तिथंच त्याचा ‘निर्णय’ झाला. 2018 मध्ये आदिस अबाबात 23 देशांनी एकच हवाई बाजारपेठ सुरू केल्याची घोषणा केली. तीस वर्षांत एकाच ठरावाने तीनदा उड्डाण केलं. विमानं मागे राहिली, कारण प्रत्येक सरकारला आपल्या शेपटीवरचा झेंडा प्यारा, मग ताफ्यात विमानं दोनच का असेनात. अकरा देशांनी मिळून 1961 मध्ये ‘एअर आफ्रिक’ काढून पाहिली होती. सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही. 2002 मध्ये ती बुडाली.

बरं, तिकीट मिळालं तरी आत सोडतील असं नाही. आफ्रिकेतले सर्वांत श्रीमंत उद्योगपती अलिको डांगोटे 2024 मध्ये किगालीत म्हणाले, की नायजेरियाच्या पासपोर्टवर आपल्याच खंडात फिरायला मला 35 व्हिसा लागतात, आणि एका तेल कंपनीच्या फ्रेंच प्रमुखाला तेवढे लागत नाहीत. डांगोटे स्वतःच्या विमानाने फिरतात.