काटा आहे, टेप नाही

चाकण एमआयडीसीत वर्षातून एकदा आरोग्य तपासणीची गाडी आमच्या गेटात येते आणि दर वर्षी माझं डोकं त्याच गोष्टीने फिरतं. माणसाला सेफ्टी शूजसकट काट्यावर चढवतात. ते बूटच किलोभराचे. उंची मोजत नाहीत, नुसती विचारतात. त्यावरून बीएमआय काढायचा, कार्डावर शिक्का मारायचा, चला पुढचा.

आमचा लोडिंगवरचा गडी पाच फूट सहा इंच, वजन ७२ किलो. शिफ्टभर पेट्या उचलतो, पोट सपाट. बीएमआय पंचविसाच्या वर गेला म्हणून त्याला लठ्ठ ठरवून भात कमी करायला सांगितलं. त्याच उंचीचा स्टोअरमधला माणूस ६० किलोचा. दिवसभर खुर्चीत, हातपाय काडीसारखे, पोट मात्र पट्ट्याबाहेर. त्याला नॉर्मल! त्याच्या घरी वडिलांना शुगर आहे, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

बीएमआयचं हे सूत्र १८३२ साली केतले या बेल्जियन गणितज्ञाने मांडलं. तो ‘सरासरी माणूस’ शोधत होता, कुणाचा आजार नव्हे. आणि ते कुठे कमी पडतं हे आपल्या पुण्यातच दाखवून झालंय. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्याकडची माणसं अंगाने बारीक दिसतात, पण चरबी आत पोटात साठते आणि मधुमेहाची वाट तिथूनच जाते. काट्याला हाड, स्नायू, चरबी यांतला फरक कळतच नाही.

एवढं समोर असताना तपासणीच्या टेबलावर शिंप्याकडची साधी टेपसुद्धा का नसावी? शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडल्यावर आकडा वाचायचा. पुरुषाचा ९० सेंटिमीटर, बाईचा ८० च्या वर गेला, की त्याची शुगर आणि बीपी नीट बघायचं. एका माणसाला मिनिटभर लागतं. शुगरसुद्धा कॅन्टीनचे पोहे खाऊन झाल्यावर दहा वाजता काढू नका. थर्ड शिफ्टच्या पोरांना आदल्या दिवशी निरोप द्या, उपाशीपोटी बोलवा. आणि काट्यावर घेण्याआधी बूट काढायला लावा.