सहा सेकंदांचं कुरुक्षेत्र

फुलसावंगीत कोणीही कुठलीही गोष्ट सहा सेकंदांत करत नाही. पानठेल्यावर चुना मागितला, तरी तो हातात पडेपर्यंत कापसाचा भाव, पावसाचा अंदाज आणि मागणाऱ्याच्या मेव्हण्याची खबरबात एवढं सगळं उरकतं. अशा गावात दिवाळीच्या सुटीला पुण्याहून आलेल्या माझ्या इंजिनियर होऊ घातलेल्या भाच्याने ओसरीवर सतरंजी टाकली, पिशवीतून वीस बाजूंचा फासा काढला आणि जाहीर केलं, की या खेळात लढाईची एक फेरी सहा सेकंदांची. तेवढ्यात प्रत्येकाने चालायचं, मारायचं, अंगी तशी कला असेल तर आणखी एक किरकोळ काम करायचं, आणि वर शत्रू आपल्या तावडीतून निसटायला लागला तर मध्येच त्याला एक हाणायचाही.

"सहा सेकंदात?" कृषी केंद्रवाले म्हणाले. "इथं फवारणी पंपाचं झाकन उघडाले त्याहून जास्त लागते."

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला. यात पट लागतोच असं नाही, जिंकणं-हरणंही धड नाही. एकजण गोष्ट सांगतो. त्याला डंजन मास्टर म्हणतात, आमच्या ओसरीवर त्याचा लगेच मास्तर झाला. बाकीचे गोष्टीतली पात्रं होतात. मास्तर सांगणार समोर काय दिसतंय, आपण सांगायचं आपण काय करतो, आणि जमेल की नाही याचा संशय आला की फासा. बोलणं हेच मुख्य काम म्हटल्यावर आमच्या गावाला खेळ शिकवावा लागला नाही. मास्तर अर्थात भाचा. निवृत्त गुरुजी मांत्रिक झाले, कृषी केंद्रवाले योद्धा, मी जखमा बऱ्या करणारा पुजारी. वहिनींनी चोराचं काम आपणहून मागून घेतलं, तेही इतक्या उत्साहाने की दादा बराच वेळ गप्प होते.

जंगलातून चालणं, धर्मशाळेत घासाघीस करणं, हे सगळं सुखात चाललं होतं. भांडण सुरू झालं ते झुडपातून पहिला गोब्लिन बाहेर पडल्यावर. गोब्लिन म्हणजे बुटका, चिडका, तलवार घेऊन फिरणारा प्राणी. तो दिसला, की सगळ्यांनी फासा टाकायचा, त्यात आपल्या चपळाईचा आकडा मिळवायचा, आणि ज्याची बेरीज मोठी त्याची बारी पहिली. गुरुजींना पडले तीन.

"वयानं सगळ्यात मोठा मी, आन् बारी शेवटी?"

मास्तरांनी वयाचा आकडा मिळवायची सोय पुस्तकात नसल्याचं सांगितलं. गुरुजींनी ते पुस्तक मागून घेतलं आणि ते तिथेच वाचायला बसले. आमच्या शांततेला पहिला तडा तिथे गेला.

खरी गोम पुढे आहे. गोष्टीत सगळे एकाच सहा सेकंदांत लढत असतात, सतरंजीवर मात्र एकामागून एक. वहिनींच्या चोराने पहिल्याच झटक्यात एका गोब्लिनच्या बरगडीत सुरी खुपसली आणि तो मेला. कृषी केंद्रवाल्यांचा सवाल असा: त्याच सहा सेकंदांत तो गोब्लिनही तलवार उगारत असणार ना? मग त्याचा वार गेला कुठे? सवाल चोख आहे, आणि तो विचारणारे ते पहिले नव्हेत. सुरुवातीच्या पुस्तकांत लढाईची फेरी चक्क एका मिनिटाची होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला आलेल्या आवृत्तीत त्या मिनिटाचे दहा तुकडे पाडले, प्रत्येक तुकडा सहा सेकंदांचा. कुठलं हत्यार किती वेगाने चालतं, कुठल्या मंत्राला किती तुकडे लागतात, याची कोष्टकं दिली. त्या कोष्टकांवरून जी भांडणं झाली त्यांना कंटाळून की काय, पण 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत अख्खी फेरीच सहा सेकंदांची करून टाकली. 2014 च्या पाचव्या आवृत्तीने तेच ठेवलं. म्हणजे आधी जो मिनिटाचा दहावा हिस्सा होता, तोच बढती मिळून फेरी झाला. मेलेल्या गोब्लिनच्या वाराचं उत्तर कुठल्याच आवृत्तीने माझ्या समाधानापुरतं दिलेलं नाही. तो मेला, विषय संपला.

बोलण्याचाही नियम आहे. आपल्या बारीला दोन शब्द बोललं तर त्याचा वेगळा वेळ धरत नाहीत. दोन शब्द म्हणजे किती, हे अमेरिकेत ठीक असेल. गुरुजींनी गोब्लिनला उद्देशून शिक्षणाचं महत्त्व सांगायला घेतलं. मध्ये चहा आला, कप परत गेले, तरी गोष्टीतले सहा सेकंद काही पुढे सरकेनात. मास्तर भाचा असल्यामुळे त्यांना थांबवण्याची त्याची प्राज्ञा नव्हती. शेवटी वहिनी आतून म्हणाल्या, "गुरुजी, तो कवाचा फेल झाला!"

मग बाण आला. मास्तरांनी फासा टाकला, आकडे जुळवले आणि सांगितलं, की बाण गुरुजींच्या खांद्यात लागला. गुरुजी शांतपणे म्हणाले, "ढाल." त्यांनी तेवढ्यात पुस्तकातला तो मंत्र शोधून ठेवला होता. हा मंत्र आपली बारी नसतानाही म्हणता येतो, घाव लागल्यानंतर म्हणता येतो, आणि त्याने संरक्षणाचा आकडा पाचने वाढतो. लागून गेलेल्या त्या घावापुरतासुद्धा. आकडा वाढला, बाण हुकला.

"लागला म्हनलं ना आत्ता?" कृषी केंद्रवाले उठून उभे राहिले. "लागला त लागला! लागल्यावर हुकला कसा?"

मला यात नवल वाटलं नाही. मराठी मुलांच्या अंगात हा नियम जन्मजात आहे. पकडापकडीत पाठीवर धपाटा बसल्यावर, धपाट्याचा आवाज हवेत असतानाच, 'टाईमप्लीज!' ओरडून बाद न होणारी पोरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तिथे पुस्तक नव्हतं, पण एका फेरीत असं एकदाच करता येईल, पुन्हा केलंस तर राज्य तुझ्यावर, एवढं सगळ्यांना कळत होतं. या खेळातही तेच: मध्येच केलेली अशी कृती एकदाच, आणि पुन्हा आपली बारी सुरू होईपर्यंत गप्प बसायचं. गुरुजींनी लगेच दुसऱ्या बाणालाही ढाल म्हणून पाहिलं. तो बाण लागला.

सगळ्यात मोठा घोळ घातला तो 'तयारीत राहण्याच्या' नियमाने. आपल्या बारीला काही न करता सांगून ठेवायचं, की अमुक घडलं तर मी तमुक करीन. मग ते घडताच दुसऱ्याच्या बारीत आपण हलतो. निरुपद्रवी वाटणाऱ्या या कलमातून जगभरच्या खेळाडूंनी एक तोफ काढली आहे. भाच्याने ती कागदावर मांडली. पाच-पाच फुटांवर 2280 शेतकरी ओळीने उभे करायचे. प्रत्येकाने सांगून ठेवायचं, की मागच्याने भाला दिला की मी पुढच्याला देतो. ओळ होते 11,400 फुटांची, म्हणजे साधारण साडेतीन किलोमीटर. पण सगळ्यांची देवघेव त्याच एका फेरीत, सहा सेकंदांत. म्हणजे भाल्याचा वेग ताशी दोन हजार किलोमीटरच्या वर. आवाजापेक्षा जास्त.

ओसरीच्या कडेला मिस्त्री बसले होते. स्लॅबच्या दिवशी खालून वर हातोहात घमेली चढवणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली आहेत. ते कागदाकडे बघत म्हणाले, "मधातला एक जन तंबाखू मळाले थांबला का तुही तोफ गेली."

पण तंबाखूचं सोडा, पुस्तकाप्रमाणेही ही तोफ फुसकीच आहे. भाला कितीही वेगाने आलेला असो, शेवटच्या माणसाने फेकला की त्याचा मार साध्या भाल्याइतकाच: सहा बाजूंचा एक फासा. पाचव्या आवृत्तीतल्या गोब्लिनच्या अंगी जीव असतो सात. कृषी केंद्रवाल्यांनी हिशेब केला. "2280 मानसांची मजुरी देल्ली, आन् नशीब जोरावर नसलं त गोब्लिन बी मरत नाही?" ही तोफ इतकी गाजली, की 2024 साली निघालेल्या मास्तरांच्या नव्या पुस्तकात छापूनच टाकलं आहे, की हे नियम खेळापुरते आहेत, पदार्थविज्ञान म्हणून वापरू नका, आणि असला भाला कोणी पळवू लागला तर मास्तरांनी ऐकू नये. एवढं मोठं पुस्तक, पण त्यातलं हे वाक्य आमच्या मिस्त्रींनी न वाचताच सांगितलं होतं.

गुरुजी मात्र इरेला पेटले होते. त्यांनी महाभारत काढलं. युद्धाआधी दोन्ही पक्षांनी नियम ठरवले होते, भीष्मपर्वात आहेत, आणि ते सगळे मोडले, यात नवीन काही नाही. पण चौदाव्या दिवशी जे झालं ते तर आमच्याच सतरंजीवरचं भांडण होतं. दमलेल्या सात्यकीला भूरिश्रव्याने केसांना धरून फरफटत आणलं, तलवार उचलली, आणि तेवढ्यात लांबून अर्जुनाचा बाण आला. तलवारीसकट हात तुटून पडला. भूरिश्रवा विचारतो, की मी दुसऱ्याशी लढत होतो, तू मध्ये कोण?

"अर्जुन तयारीत होता," भाचा म्हणाला.

"पन त्यानं आधी सांगून ठेवलं होतं का?" गुरुजींनी पुस्तकातलं कलम बोटाखाली धरलं. "अट आपल्या बारीत सांगा लागते. इथं त कृष्णानं दाखवल्यावर त्याचं लक्ष गेलं. म्हंजे हरकत भूरिश्रव्याचीच बरोबर."

त्याच दिवशी संध्याकाळी जयद्रथ पडला. 'हा सूर्य आणि हा जयद्रथ' आपण सगळे म्हणतो, पण नियमाच्या नजरेने बघा: फेरी संपली असं समजून एक गडी निर्धास्त बाहेर आला, आणि त्याला सांगण्यात आलं की फेरी चालू आहे. आणि त्यानंतर खरंच सूर्य बुडाला, तेव्हा कोणी थांबलंच नाही. रात्रीच्या त्याच लढाईत घटोत्कच गेला. माझं मत असं, की मास्तरच एका गड्याचा सारथी होऊन बसला की बाकीच्यांनी फासे गोळा करून घरी जावं.

"तुम्ही सगळे चौदाव्या दिवसावर भांडून राह्यले," वहिनी म्हणाल्या. "ते सभेतलं काय?"

ओसरी गप्प झाली. द्यूतसभेत द्रौपदीने विचारलं ते हेच होतं: आधी कोण हरलं? युधिष्ठिर आधी स्वतःला हरला असेल, तर मग मला पणाला लावायला तो उरला कुठे? दयेची याचना नव्हती ती; फाशांच्या क्रमावर घेतलेली नेमकी हरकत होती. खेळाच्या इतिहासात इतकी बिनतोड हरकत मी दुसरी ऐकलेली नाही. आणि निवाडा द्यायला बसलेले भीष्म म्हणाले, की धर्माची गती सूक्ष्म आहे. विकर्णाने तिची बाजू घेतली, त्याला कर्णाने गप्प केलं. निवाडा द्यायला बसलेल्यांपैकी एकानेही 'हो' किंवा 'नाही' म्हटलं नाही, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

वहिनींनी एवढं बोलून फासा टाकला. वीस पडले. उरलेला गोब्लिन आपण पळतोय की शरण येतोय हे ठरवण्याआधीच संपला, आणि या वेळी कृषी केंद्रवाल्यांनीही क्रम विचारला नाही.

पुढे भाच्याने एक जुनी हकीकत सांगितली. प्रशियाच्या सैन्यात 1824 सालापासून अधिकाऱ्यांना लढाईचा खेळ शिकवत. कोष्टकं, फासे, नकाशे सगळं होतं, आणि डाव संपता संपत नसे. 1876 मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा नावाच्या सेनापतीने सुचवलं, की कोष्टकं गुंडाळा. अनुभवी पंच बसवा आणि तो म्हणेल ते माना. पंच चुकेल, पण डाव पुढे जाईल. दिवेलागणीला सुरू केलेली आमची चार फेऱ्यांची, म्हणजे गोष्टीतल्या चोवीस सेकंदांची लढाई जेवणाची पानं वाढली तेव्हा कुठे संपली होती, त्यामुळे हा सेनापती सर्वांना एकदम पटला.

त्या रात्रीपासून ओसरीवर एकच नियम आहे. बारी कोणाची, मंत्र आधी की घाव आधी, भाला कोणाच्या हातात, याचा निवाडा मास्तरांनी तिथल्या तिथे द्यायचा, चुकीचा असला तरी चालेल. हरकत असेल ती लढाई संपल्यावर चहासोबत. 'गती सूक्ष्म आहे' म्हणणाऱ्या मास्तराला त्या दिवसापुरतं पदावरून काढायचं, हे पोटकलम गुरुजींनी स्वतःच्या अक्षरात लिहून पुस्तकात चिकटवलं आहे.

भाचा गेला, फासे इथेच आहेत. महागाव-उमरखेडकडे येणं झालं तर संध्याकाळी या. योद्ध्याची एक जागा रिकामी आहे, कारण हंगामात कृषी केंद्र बंद ठेवता येत नाही. मांत्रिकाचं गुरुजींना विचारावं लागेल. चोराची जागा मात्र भरलेली आहे.