मैलोजीराव

एडिसनच्या ओक ट्री रोडवर आम्ही बाराजण थाळी जेवून बडीशेप चघळत बसलेलो असतो. वेटर बिलाचं काळं पाकीट टेबलावर ठेवायला वाकतो, पण ते टेबलाला टेकत नाही. घारीनं पिल्लू उचलावं तसा एक हात येतो, पाकीट उचलतो आणि त्यात निळं कार्ड खोचून परत करतो. पंगतीतला नवखा माणूस ओशाळतो. "अहो, असं कसं? तुम्ही एकट्यानं सगळ्यांचं..."

मैलोजीराव त्याच्या खांद्यावर प्रेमानं थोपटतात. "असू द्या हो. टीप धरून माणशी १९ डॉलर येतात. माझ्याकडे रोख द्या. सुट्टे आहेत माझ्याकडे."

अर्ध्या मिनिटापूर्वी कर्ण वाटलेला माणूस एवढ्यात तलाठी झालेला असतो. नवख्याच्या चेहऱ्यावरचे भाव आम्हाला पाठ आहेत, कारण आम्ही सगळेच कधी ना कधी नवखे होतो.

त्यांचं खरं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण न्यू जर्सीपासून डॅलसपर्यंत प्रत्येक महाराष्ट्र मंडळात असे एक गृहस्थ असतातच आणि प्रत्येक मंडळाला वाटतं, हे आमच्यावरच लिहिलंय. 'मैलोजीराव' ही पदवी त्यांना आमच्या गणेशोत्सवात मिळाली. हॉलचं भाडं, मांडव, चारशे माणसांचं जेवण, सगळं त्यांच्या कार्डावर. "चेक माझ्या नावानं काढा, कार्ड माझं वापरा," एवढीच त्यांची अट. बाप्पा दीड दिवसांनी जातात. कार्डावरच्या खर्चाबद्दल मिळणारे, विमानाच्या तिकिटाला चालणारे मैल मात्र त्यांच्या खात्यात कायमचे मुक्कामाला येतात, अशी त्यांची श्रद्धा.

ही श्रद्धा आली कुठून, ते समजायला डोंबिवलीला जावं लागतं. त्यांच्या आई दुधाच्या पिशव्या धुऊन, दोरीवर वाळवून, महिन्याच्या महिन्याला रद्दीवाल्याला किलोवर विकत. "फेकायचं ते विकायचं," हा धडा बाळकडूबरोबर पोटात गेलेला. मुलगा अमेरिकेला आला, दूध प्लॅस्टिकच्या कॅनमधून येऊ लागलं, त्याला गिऱ्हाईक मिळेना. मग हाताला मैल लागले. खर्च तर होणारच आहे, मग खर्चाची पिशवी धुऊन वाळत घालायला काय हरकत आहे?

१ मे रोजी मंडळात महाराष्ट्र दिन साजरा होतो, तेव्हा हे दोनदा हात जोडतात. एकदा हुतात्म्यांसाठी आणि एकदा अमेरिकन एअरलाइन्ससाठी. त्या कंपनीनं मैलांची योजना सुरू केली तीही १ मेलाच, १९८१ साली. त्यांचा आदर्श पुरुष म्हणजे कॅलिफोर्नियाचा इंजिनिअर डेव्हिड फिलिप्स. या गृहस्थानं १९९९ साली एका कंपनीची मैल देणारी जाहिरात बारकाईनं वाचली आणि पुडिंगचे १२,१५० डबे विकत घेतले. खर्च ३,१०० डॉलरच्या आसपास, मिळकत बारा लाखांच्या वर मैल. एवढं पुडिंग खाणार कोण? ते त्यानं साल्व्हेशन आर्मीला दान केलं आणि बदल्यात डब्यांवरची लेबलं त्यांच्याकडूनच सोलून घेतली. ही कथा सांगताना मैलोजीरावांचा आवाज सत्यनारायणाच्या पाचव्या अध्यायासारखा भारावतो.

त्यांनी स्वतःही एक पराक्रम केला आहे. लोकांनी एक डॉलरची नाणी वापरावीत म्हणून अमेरिकेच्या टांकसाळीनं ती दर्शनी किमतीत, टपालखर्च न घेता घरपोच द्यायला सुरुवात केली होती. क्रेडिट कार्डही चालत होतं. देशभरातल्या मैलोजीरावांनी डोकं लावलं : कार्डावर नाणी घ्या, मैल कमवा, नाणी बँकेत भरा, त्याच पैशांत कार्डाचं बिल फेडा. एका दिवाळीत आमच्या मैलोजीरावांच्या दारात अडीचशे नाण्यांची चार खोकी आली. नाणं ८.१ ग्रॅमचं, म्हणजे सगळी मिळून आठ किलो. पिवळीधमक नाणी पाहून वहिनींना वाटलं, साक्षात लक्ष्मी आली. त्यांनी ताम्हनात रचून पूजा केली, अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी हीच लक्ष्मी बासमतीच्या पिशवीत घालून हे बँकेत गेले. कुंकवानं माखलेली हजार नाणी मोजणारी ती कॅशियर पुढे यांना दारात पाहिलं की खिडकीवर 'बंद' अशी पाटी लावायची. जुलै २०११मध्ये टांकसाळीनंच कार्ड घेणं बंद केलं.

पण त्याच वर्षी नोव्हेंबरात नवा देव आला. ब्रिटिश एअरवेजनं आपल्या मैलांना 'एव्हिऑस' असं नाव दिलं आणि अंतरावर दर ठेवले. ६५० मैलांच्या आतलं विमान असेल तर एका बाजूला ४,५०० पॉइंट. गंमत अशी, की हे पॉइंट ब्रिटिश कंपनीचे, पण त्यावर भागीदार कंपनीचं अमेरिकेतल्या अमेरिकेतलं विमानही मिळे. वर रोख भरायचा किरकोळ कर, २०१४पासून ५ डॉलर ६० सेंट. विमान सुटायच्या २४ तास आधीपर्यंत तिकीट रद्द केलं तर पॉइंट परत, बुडाले तर तेवढेच ५ डॉलर ६० सेंट. लंडनला न जाता लंडनच्या पैशांत अमेरिका फिरायची, ही कल्पना ज्यांचे आजोबा 'चले जाव' म्हणत रस्त्यावर उतरले होते त्यांना फारच गोड वाटली.

"४,५००" हा आकडा ते पसायदानासारखा उच्चारत. घरच्या भिंतीवर नकाशा लावला, न्यूअर्कच्या विमानतळावर टाचणी टोचली आणि कर्कटकानं ६५० मैलांचं वर्तुळ काढलं. शिकागो ७१९ मैल, म्हणजे ६९ मैलांनी बाहेर. शिकागोत यांचे सख्खे साडू राहतात. "चांगला माणूस," मैलोजीराव हळहळत, "पण चुकीच्या ठिकाणी घर घेतलं." शार्लट मात्र ५२९ मैल, वर्तुळात अगदी व्यवस्थित. २०१४मध्ये लेकीला नोकरी शार्लटला लागली तेव्हा आम्ही पेढे मागायला गेलो, तर हे नकाशासमोर उभे. "पगार ठीक आहे हो. पण अंतर बघा, अंतर!"

आता तुम्ही म्हणाल, दर महिन्याला लेकीकडे जात असतील. खातं तर भरलेलं होतं : १,१२,५०० पॉइंट. भागिले ४,५००, बरोब्बर २५ तिकिटं. जात नव्हते. त्याचं कारण त्यांनी मला वहीत लिहून समजावलं आहे. रोखीचं तिकीट स्वस्त असेल, समजा ९० डॉलर, तर पॉइंट वापरणं म्हणजे उधळपट्टी. पण पॉइंट असताना ९० डॉलर रोख देणं म्हणजे मूर्खपणा. म्हणून गाडीनं जायचं. सहाशे मैल, दहा तास. पेट्रोल अर्थात कार्डावर, त्याचे पॉइंट वेगळे. याउलट थँक्सगिव्हिंगला भाडं तीनशेच्या वर जातं. तेव्हा पॉइंट वापरणं हाच खरा पुरुषार्थ, पण तेव्हा पॉइंटवर सीटच नसते. थोडक्यात, सीट असेल तेव्हा वापरायचे नाहीत आणि वापरायचे तेव्हा सीट नाही. तरी ते तिकिटं काढत. महिन्यातून दोन काढत आणि दोन रद्द करत. असे ५ डॉलर ६० सेंट किती गेले, ते वहिनींनी विचारू नये म्हणून त्या रकान्याला त्यांनी एक्सेलमध्ये 'दानधर्म' असं नाव दिलं होतं.

"अहो, काढलंय तर जाऊन येऊ या की," वहिनी म्हणत.

"एका पॉइंटला जेमतेम दोन सेंट पडतायत. थांब जरा. मुरू देत."

एप्रिल २०१५मध्ये दरपत्रक बदललं. लांब पल्ल्याचे वरचे वर्ग महागले, पण अमेरिकेतली जवळची विमानं ४,५००वरच राहिली. शेजारच्या वाड्याला आग लागून आपला वाडा वाचावा, तसे हे पेढे वाटत फिरले. त्यातून त्यांनी धडा घेतला तो असा, की आपला वाडा अग्निरोधक आहे.

आणि मग बातमी आली : २ फेब्रुवारी २०१६पासून उत्तर अमेरिकेपुरता ६५० मैलांचा स्वस्त टप्पा बंद. ४,५००चं तिकीट यापुढे ७,५००ला.

१ फेब्रुवारीच्या रात्री मी त्यांच्याकडे होतो. 'दुसरा लॅपटॉप घेऊन या' असा निरोप होता. सोमवार होता, वहिनींनी उपास सोडायला गरम खिचडी टाकली होती. टीव्हीवर आयोवाच्या निवडणुकीचे निकाल चालू होते, क्लिंटन आणि सँडर्स काट्यावर. इकडे मैलोजीरावांची मतमोजणी त्याहून अवघड. सीट अकरा महिने पुढच्या उघडतात, म्हणजे नाताळपर्यंतची सगळी तिकिटं जुन्या दरात आजच काढता आली असती. दोघांचं जाणं-येणं म्हणजे चार तिकिटं, चार सक चोवीस, सहा फेऱ्या आणि वर एक तिकीट उरतं.

"हे पंचविसावं कशाला लावायचं?" साडेआठपासून दहापर्यंत ते याच प्रश्नावर अडलेले. "एकेरीला काही अर्थ नाही. जायचं आणि यायचं कसं?"

वहिनी दोन ताटल्या घेऊन आल्या. "एकच उरत असेल तर माझं काढा. जाण्याचं. परतीचं मी बघेन."

मैलोजीराव हसले. वहिनी हसल्या नाहीत, हे मी पाहिलं आणि मुकाट्यानं खिचडीत लक्ष घातलं.

अकरा वाजता त्यांनी प्रत्येक शनिवारचं रोखीचं भाडं एका रकान्यात मांडलं. सव्वाअकराला त्याला 'सेंट प्रति पॉइंट' या हिशेबानं उतरत्या क्रमानं लावलं. साडेअकराला त्यांच्या लक्षात आलं, की सगळ्यात फायद्याचा शनिवार मंडळाच्या निवडणुकीचा आहे. त्यांनी पुन्हा रकाने लावायला घेतले. पावणेबाराला वहिनी माझ्या लॅपटॉपपाशी आल्या. "भावजी, सरका जरा." नवऱ्याचा पासवर्ड त्यांना ठाऊक होता, तो लग्नाच्या तारखेचा होता. ती तारीख नवऱ्याला दरवर्षी आठवते ती त्यामुळेच. दोन मिनिटांत तिकीट निघालं : न्यूअर्क ते शार्लट, १३ फेब्रुवारी, एक माणूस. ४,५०० पॉइंट, ५ डॉलर ६० सेंट.

बाकीची २४ तिकिटं रकान्यांतच राहिली. हे खुर्चीत बसल्या बसल्या झोपले. सकाळी मी फोन केला तेव्हा आवाज खोल गेलेला. "१,०८,००० होते, १,०८,००० आहेत. एकही कमी नाही. पण काल रात्री २४ तिकिटं होती, आज १४ आणि वर तीन हजार चिल्लर. कुठं गेलो नाही, आलो नाही, आणि दहा विमानं चुकली."

तरी माणूस चिवट. मार्चमध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं स्वतःच्या मैलांवर जवळच्या विमानांसाठी ७,५००चा नवा दर आणला. हे टुणकन उठून नकाशापाशी गेले. मर्यादा ५०० मैलांची. शार्लट २९ मैलांनी बाहेर. लेकीनंही चुकीच्या ठिकाणी घर घेतलं होतं. मग त्यांनी शोधून काढलं, की उत्तर अमेरिकेबाहेर ४,५००चा दर अजून आहे. "सिडनी-मेलबर्न बघा, ४३९ मैल, अजून ४,५००!" पुढचे सहा महिने ते भेटेल त्याला विचारत होते, सिडनीत तुमचं कुणी आहे का.

वहिनी १३ फेब्रुवारीला गेल्या त्या तीन आठवडे राहिल्या. शेवटी त्यांना आणायला मैलोजीराव गाडीनं शार्लटला गेले. परत आल्यावर वहिनींनी सांगितलेली ही गोष्ट. तिथे तिघं जेवायला बाहेर गेली. बिल आलं, घार झेपावली. लेकीनं सवयीनं पर्स उघडून नोटा पुढे केल्या. "बाबा, माझे २१."

"राहू दे," मैलोजीराव म्हणाले.

मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. एवढ्यात त्यांनी पावतीचा फोटो काढला, हॉटेलच्या बिलावर दुप्पट पॉइंट असतात म्हणून. पण 'राहू दे' म्हणाले, हे वहिनींनी मला दोनदा सांगितलं.

मी वहिनींना विचारलं, इतक्या वर्षांचा एवढा हिशेब, मग चुकलं कुठं? त्या कोथिंबीर निवडत होत्या. काळी पडलेली पानं बाजूला काढत म्हणाल्या, "यांना वाटतं पॉइंट म्हणजे लोणचं. बरणीत ठेवलं की मुरतं. ती कोथिंबीर आहे हो, भावजी. आणली त्या आठवड्यात वापरायची."

मला तरी यात भर घालण्यासारखं काही दिसत नाही. रुपया असो की डॉलर, त्यानं काय घेता येईल ते निदान बाजार ठरवतो. पॉइंटचं दरपत्रक ज्यानं पॉइंट दिले त्याच्याच खिशात असतं, आणि ते बदलायला त्याला तुमच्या सहीची गरज नसते. मैलोजीराव अजूनही साठवतात, वर्तुळं काढतात, बिलं झेपावून घेतात. वहिनी मात्र दर दोन महिन्यांनी लेकीकडे जातात, मिळेल त्या तिकिटावर, कधी पॉइंटचं, कधी रोखीचं. न्यूअर्क ते शार्लट अंतर २ फेब्रुवारीच्या आधीही ५२९ मैल होतं. आजही तेवढंच आहे.