पाचशेचं मीटर

"काय वहिनी, दळण झालं?"

"ठेवून आले गिरणीत. आक्का, कळलं का? वस्तीवरच्या मामींचा विजेच्या तारेवरचा आकडा निघाला. मीटर बसलं!"

"बसलं का मेलं एकदाचं! अहो, २०१७ साली वीजजोडणीची सौभाग्य योजना आली, तेव्हाच बसायचं. पण मामा अडून बसले. 'शेजाऱ्याला फुकट, मग मीच का ५०० भरू?'"

"फुकट कुणाला होतं?"

"२०११ च्या सरकारी पाहणीत जे गरीब ठरले त्यांना. बाकीच्यांना ५००, तेही बिलातून. महिना ५०, असे १० हप्ते. खांबापासूनची वायर, मीटर, एक एलईडी दिवा, मोबाइल चार्जिंगचा पॉइंट, सगळं त्यातच. ५० रुपयांत मामांची आठवड्याची तंबाखू तरी होते का?"

"आणि आता?"

"आता कोटेशन भरा, टेस्ट रिपोर्ट आणा, आतल्या फिटिंगची मजुरी द्या. वर कुणीतरी 'लवकर करून देतो' म्हणून रोख घेऊन गेला. पावती नाही की काही नाही. मामी चकार शब्द काढत नाहीत, सुनेकडून कळलं. माझं नाव नका घेऊ हं!"

"छे हो! पण मामा म्हणायचे, आकडाच बरा."

"बरा कसला? भर पावसात काठीनं तार अडकवायची, खाली गुरं बांधलेली. मामी देवाचं नाव घेत उभ्या असायच्या."

"आता मीटर आलं, सुटल्या बिचाऱ्या."

"सुटल्या कुठल्या! खरी मेख पुढंच आहे. घराला कुलूप लावून महिनाभर लेकीकडे राहिलं तरी स्थिर आकार यायचा तो येतोच. दारिद्र्यरेषेखाली असाल तर दर स्वस्त, पण महिन्याला सरासरी ३० युनिटांच्या आत राहिलात तरच. आमचा जुना पंखा ७५ वॅटचा. रोज बारा तास फिरला तर महिन्याला २७ युनिट तोच खातो. उरलेल्या तिनात दिवे लावायचे की मिक्सर फिरवायचा?"

"अगं बाई! मामींनी तर फ्रीज बघून ठेवलाय, हप्त्यावर."

"ठेवू दे बघून. पहिलं बिल आलं की घ्या म्हणावं. आणि वहिनी, तुमच्या दिरांच्या नव्या घराच्या मीटरचा अर्ज द्यायचाय ना? पैसे ऑफिसच्या खिडकीवरच भरायला सांगा. पावती हातात पडल्याशिवाय तिथून हलायचं नाही."